मधली तार

टँटी युफीच्या, म्हणजे युफी मावशीच्या, घरात इंटरनेट आलं आणि जिन्याखालच्या कपाटातली पेटी कुरकुरायला लागली. पेटी म्हणजे चोरांसाठी बसवलेल्या अलार्मची. आधी तिच्यावर एक पिवळा दिवा लागला, मग थोड्या थोड्या वेळानं टिवटिव सुरू झाली, जणू कोणी पोपटाचं उपाशी पिल्लू आत कोंडून ठेवलंय. टँटीनं तिला दटावलं, दोनदा थोपटलं, शेवटी तिच्यावर उशी दाबून ठेवली. पण टोरांटोहून मुलाचा फोन आला तेव्हा तिला कळलं, की पेटी उगाच रडत नव्हती.

मुलाचं नाव डेक्स्टर. गेल्या वर्षी चोरी झाल्यावर पेटी त्यानंच बसवून घेतली होती. चोरी झाली ती मुलांच्या कार्निव्हलच्या शनिवारी. त्या दिवशी बेटावरचं तिचं अख्खं अरिमा गाव रस्त्यावर असतं, आणि टँटी तर असतेच असते, कारण कॅल्व्हरी टेकडीवरच्या पोरांचा मेळा तिचा. चाळीसेक पोरांची सोंगं ती घरच्या तळमजल्यावर शिवते. तर त्या शनिवारी ती दमून, चमकी केसांत घेऊन घरी परतली आणि बघते तो मागचं दार सताड उघडं. शिलाई मशीन गेलं, टीव्ही गेला, आणि नवऱ्याची तार वाकवायची पक्कडही गेली. टीव्हीचं तिला काही वाटलं नाही. दुसरं मशीन धाकट्या बहिणीनं दिलं. पक्कडीसाठी मात्र ती रडली, तीही नळ सोडून भांडी घासताना, म्हणजे कोणाला ऐकू जायला नको. विन्स्टन तारेचे सांगाडे वाकवायचा आणि ती त्यांच्यावर कापड चढवायची, असा त्यांचा संसार होता. तो गेल्यावर तारही तीच वाकवायला लागली. पहिल्या वर्षीचे पंख एकीकडे झुकले होते, पण पोरांनी तिच्या तोंडावर तसं म्हटलं नाही.

पेटीचं काम साधं होतं. ती चालू असताना दार उघडलं की भोंगा वाजवायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, कंपनीच्या खोलीत फोन लावायचा. तिथला माणूस उलट घरी फोन करून परवलीचा शब्द विचारणार. शब्द मिळाला नाही तर आधी डेक्स्टरला कळवणार, मग पोलिसांना. शिवाय दर आठवड्याला पेटीनं आपण होऊन एक फोन करायचा, मी आहे, ठीक आहे, एवढं सांगायला. तो फोन पोचेनासा झाला होता. कंपनीनं टोरांटोला कळवलं, आणि टोरांटो आईवर उखडलं.

डेक्स्टर मुलगा वाईट नव्हता. तो फक्त लांब होता, आणि लांब राहणाऱ्या माणसाला काळजी करण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून तो ती फार करायचा. घर विन्स्टननं दोघांच्या नावावर ठेवलं होतं, मायलेकांच्या, भल्या बुद्धीनं. आता डेक्स्टरनं सांगितलं, की पेटी मुकी असेल तर त्या घरात तू एकटी राहायचं नाहीस. कार्निव्हलपर्यंत दुरुस्त झाली तर झाली. नाहीतर ईस्टरला मी येतो, घर विकायला काढू, आणि तू इकडे.

टँटी एकदा जाऊन आली होती टोरांटोला. बर्फ चांगला असतो, असं तिचं मत झालं होतं, फ्रीजमध्ये.

आणि गंमत अशी, की इंटरनेट तिनं घेतलं होतं ते नेमकं तिकडे जावं लागू नये म्हणूनच. डेक्स्टरची मुलगी इमानी बोलायला लागली होती, आणि "आजीला भेटायला नको का" हे डेक्स्टरचं सगळ्यात धारदार हत्यार होतं. टँटीनं मग कॉम्प्युटर आणला, त्याच्यावर कॅमेरा बसवला आणि ते हत्यार बोथट केलं. रविवारी दुपारी पडद्यावर इमानी दिसायची, आजीला आपले दात दाखवायची. आता पेटी मधूनच फोन लावायला बघायची आणि त्या क्षणी इंटरनेट तुटायचं. इमानी अर्धी हसून थिजायची.

टँटीनं दोन्ही कंपन्यांना फोन केले. नवं वर्ष उजाडलं की त्या बेटावर कुठल्याही कामाला एकच उत्तर मिळतं: कार्निव्हलनंतर. गळका नळ, दुखरी दाढ, लग्नाची बोलणी, सगळं कार्निव्हलनंतर. पण तिला कार्निव्हलच्या आधी हवं होतं, कारण त्या शनिवारी घर पुन्हा दिवसभर रिकामं असणार होतं. मग तिनं ऑफिसांचा नाद सोडला आणि ओळखीच्या दोघांना गाठलं.

टेलिफोन कंपनीतला रामलोगन, ज्यानं इंटरनेट बसवून दिलं होतं, तो येऊन गेला. त्यानं भिंतीवर तार तपासली आणि सांगितलं, की तार काचेसारखी स्वच्छ आहे. एकाच तारेतून बोलणं आणि इंटरनेट दोन्ही येतं, म्हणून तर त्यानं प्रत्येक फोनमागे लावायला छोटे फिल्टर दिले होते. इंटरनेटची शिट्टी ते अडवतात, फोनपर्यंत फक्त बोलणं जातं. टँटीनं ते स्वतःच्या हातानं लावले होते, स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात, पलंगाशेजारी, शिवणाच्या खोलीत. तेव्हा दोष त्या पेटीचा, ती काढून टाका, असं सांगून तो गेला.

मग अलार्म कंपनीतला ग्लेनरॉय आला. त्यानं पेटी उघडली, आत डोकावून च्च् च्च् केलं आणि सांगितलं, की पेटीलाही फिल्टर हवा होता, तिनं काय घोडं मारलंय. ती सगळ्या फोनांच्या आधी तारेवर बसलीय, म्हणजे फिल्टर तिच्याही आधी हवा, आणि छोटा नाही, मोठा, सगळ्या घराला पुरेल असा. पण ती तार बाहेरून येते, तिला मी हात लावला तर माझी नोकरी जाईल. तेव्हा इंटरनेट काढून टाका.

एकानं पेटी काढायला सांगितली. दुसऱ्यानं इंटरनेट काढायला सांगितलं. तिसरा तिलाच काढायला निघाला होता. त्या रविवारी डेक्स्टर पडद्यावर आला तेव्हा टँटी पायनॅपलच्या सोंगाला पानं टाचत होती. तिनं मान वर न करता सांगितलं.

"हे बघ, ह्या घरातून काही निघणार नाही. तुझी पेटी नाही, माझं इंटरनेट नाही, आणि मी तर नाहीच नाही."

डेक्स्टर काहीतरी बोलायला गेला आणि थिजला. पेटीनं पुन्हा फोन लावला होता.

त्यानंतर टँटी बराच वेळ व्हरांड्यात बसून भिंत बघत राहिली. एका टोकाला टेलिफोन कंपनीची करडी डबी. तिथून एक तार निघून खिडकीवरून, दारावरून वळसे घेत जिन्याखाली जात होती, पेटीपर्यंत. डबीवर कंपनीचं नाव होतं. पेटीवर दुसऱ्या कंपनीचं नाव होतं. मधल्या तारेवर कोणाचंच नव्हतं, फक्त घराच्या रंगाचे हात चढले होते. पहिला हिरवा, मग पिवळा. ही तार विन्स्टननं ओढली होती, घर बांधलं त्या वर्षी, स्टुलावर उभा राहून, तोंडात खिळे धरून. ती खालून सांगत होती, वाकडी जातेय, आणि तो खिळ्यांमधून म्हणत होता, तू स्टूल धर.

फिल्टर जिथं बसायला हवा होता ती जागा ह्या तारेवर होती. रामलोगनची हद्द डबीशी संपत होती आणि ग्लेनरॉयची पेटीपासून सुरू होत होती. दोघं आपापल्या कुंपणाला टेकून उभे होते, आणि मधली जमीन तिची होती.

पण दोघांना एका वेळी एका घरात आणणं सोपं नव्हतं. ते एकमेकांशी बोलत नव्हते. एके काळी दोघं पत्त्यांतले भिडू होते, ऑल फोर्स ह्या खेळातली टेकडीवरची सगळ्यात नामी जोडी. मग अरिमाच्या स्पर्धेत ग्लेनरॉयनं चुकीचं पान टाकलं आणि रामलोगनचा हुकमाचा गुलाम मारला गेला. बायको पळून गेली असती तर रामलोगन कदाचित महिन्याभरात सावरला असता. गुलाम त्याच्या छातीत रुतून बसला.

आता दोघांच्याही मुली मेळ्यात होत्या. यंदाचा विषय होता शनिवारचा बाजार. रामलोगनची मुलगी भोपळा झाली होती आणि ग्लेनरॉयची पायनॅपल. मोठ्या सोंगांना विन्स्टनच्या वेळेपासून एक नियम होता: सोंग अंगावर चढवून बघायच्या दिवशी बापानं स्वतः यायचं. कारण अर्ध्या रस्त्यात पोर दमतं आणि उरलेला रस्ता तो सांगाडा बाप उचलतो. पट्टे त्याच्याही खांद्याला बसायला हवेत. ह्या नियमातून टँटीनं कधी कोणाला सूट दिली नव्हती, एकदा एका पोलीस इन्स्पेक्टरलाही नाही.

तिनं दोघांना एकाच रविवारी, एकाच वेळेला बोलावलं. रामलोगनला वर सांगितलं, की गाडी घेऊन ये, आणि गाडीत एक मोठा फिल्टर असू दे, एका बाईला दाखवायचाय. ती बाई कोण हे तिनं सांगितलं नाही.

रामलोगन भोपळा खांद्यावर चढवून उभा होता तेव्हा ग्लेनरॉय दारात आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ग्लेनरॉय म्हणाला, की मी नंतर येतो. रामलोगन म्हणाला, की मीच निघतोय, पण भोपळ्यातून त्याचा हात निघेना. तेवढ्यात टँटीनं जाऊन व्हरांड्याच्या लोखंडी दाराला आतून कडी घातली आणि दारासमोर खुर्ची टाकून बसली. आत चुलीवर पेलाव, तिथला पुलाव, शिजत होता, करपवलेल्या साखरेचा आणि तुरीच्या दाण्यांचा वास घरभर होता.

"पोरींची सोंगं तयार आहेत," ती म्हणाली. "ती मी अडवणार नाही, काही झालं तरी. शनिवारी दोघी माझ्या पुढं नाचतील. पण तुमच्या दोघांची सोंगं मी आज उतरवणार."

मग तिनं त्यांना तार दाखवली.

रामलोगननं नियम सांगितला. डबीच्या पुढं दुसऱ्या कंपनीचं यंत्र जोडलेलं असेल तर हात लावायचा नाही. ग्लेनरॉयनं त्याचा नियम सांगितला, तो तसाच होता, फक्त उलट्या बाजूनं. दोन्ही नियम टँटीनं पूर्ण ऐकून घेतले.

"डबी तुझी," ती रामलोगनला म्हणाली. "पेटी ह्याची. आणि ही मधली तार माझ्या नवऱ्यानं ओढलीय, स्टूल मी धरलं होतं. ही माझी आहे. माझ्या तारेवर काम करायला मी सांगतेय. उद्या कोणी विचारलं तर सांगा, टँटीनं जेवायला बोलावलं होतं आणि दार उघडत नव्हती."

"टँटी, हे बरोबर नाही," ग्लेनरॉय म्हणाला.

"नसू दे."

रामलोगननं भोपळा उतरवला आणि येताना गाडीतून आणून ठेवलेला फिल्टर उचलला. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी होती. ती हातात घेऊन तो तारेकडे बघत राहिला. मग कोणाकडेच न बघता म्हणाला, "टँटी, त्याला सांगा पेटीची बॅटरी काढ. नाहीतर मी तार कापली की भोंगा बोंबलेल."

टँटीनं ग्लेनरॉयला तेच शब्द सांगितले. तो चार हातांवर उभा होता.

"त्याला सांगा, काढली. आणि त्याला सांगा, की मला माहीत होतं."

असं बराच वेळ चाललं. टँटी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती, आणि हात रिकामे नकोत म्हणून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं तार कापताना पाहिली. आतला तांब्याचा रंग अजून नव्यासारखा होता. कापलेला छोटा तुकडा तिनं उचलून एप्रनच्या खिशात टाकला.

जोडून झालं. टँटीनं कॉम्प्युटर लावला, पडद्यावर इमानी आली, आजीला नवा दात दाखवायला लागली. ग्लेनरॉयनं पेटीला चाचणीचा फोन लावायला लावला. पेटीचा फोन पोचला, पिवळा दिवा विझला, आणि इमानी थिजली.

टँटीच्या मनात ईस्टर येऊन बसला. घराच्या फाटकावर लावलेली पाटी तिला दिसली, आणि शिवणाच्या खोलीत उभं राहून भिंती मोजणारे परके लोक.

"तू मोडेमची तार कुठून घेतलीस?" ग्लेनरॉयनं विचारलं. ह्या वेळी टँटीमार्फत नाही.

"होती तिथूनच. पेटीच्या मागून. फिल्टर फक्त पेटीच्या फोनापुरता बसवला."

"म्हणजे पेटीनं फोन घेतला की मागचं सगळं तुटणार. मोडेमची वेगळी फांदी फिल्टरपासून काढ. फिल्टरला दोन तोंडं कशाला दिलीत?"

रामलोगननं फिल्टर उलटा करून बघितला. मान्य करायला त्याला जड गेलं हे त्याच्या लाल झालेल्या कानांवर दिसत होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "स्पर्धेच्या दिवशी एवढं डोकं चालवलं असतंस तर."

"माझ्या हातात दुसरं पान नव्हतं."

"होतं. चौकटची दश्शी होती."

"अरे, दश्शी टाकली असती तर—"

"तार," टँटी म्हणाली. "आधी तार."

त्यांनी मोडेमसाठी नवी तार फिल्टरपासूनच वेगळी ओढली. ती ओढताना रामलोगन स्टुलावर चढला आणि स्टूल हलायला लागलं, तेव्हा ग्लेनरॉयनं ते धरलं. टँटीनं ते पाहिलं आणि उठून पेलाव ढवळायला गेली, कारण कधीकधी माणसाला स्वयंपाकघरातच जावं लागतं.

परत आली तेव्हा पडद्यावर इमानी नव्हती, डेक्स्टर होता, भुवया जवळ आणून बसलेला. पुन्हा तुटलं ना आई, तो म्हणाला. त्यानं शांतपणे समजवायला सुरुवात केली, की हे आता बास झालं, आपण दोघांनी मोठ्या माणसांसारखा निर्णय घ्यायला हवा. टँटी ऐकत होती. ऐकता ऐकता ती उठली, ग्लेनरॉयला पेटी नीट चालू करायची खूण केली, मागच्या दाराशी गेली आणि दार उघडून परत येऊन खुर्चीत बसली.

भोंगा असा वाजला, की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या. डेक्स्टर पडद्यावर ओरडत होता, काय झालं, काय झालं. तो हलत होता. त्याचं तोंड, त्याचे हात, त्याच्या मागची खिडकी, सगळं नीट हलत होतं. टँटीनं बोट ओठांवर ठेवून त्याला थांबायला सांगितलं. ग्लेनरॉयनं भोंगा बंद केला, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातला फोन वाजला.

पोर्ट ऑफ स्पेनचा माणूस होता, नम्र आवाजाचा. त्यानं परवलीचा शब्द विचारला.

"शब्द मला माहीत आहे बाळा," टँटी म्हणाली. "पण मी सांगणार नाही. तुझं पुढचं काम कर."

तो गोंधळला. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा नकार दिला, प्रेमानं, आणि फोन ठेवला. मग ती पडद्यासमोर येऊन बसली आणि मांडीवर शेंगांचं ताट घेतलं. रामलोगन आणि ग्लेनरॉय तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिघं पडद्यातल्या माणसाकडे बघत होते.

डेक्स्टरच्या खिशातला मोबाईल वाजला.

त्यानं तो कानाला लावला. ऐकताना त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग गोंधळला, मग त्यानं सावकाश पडद्याकडे पाहिलं, जिथं त्याची आई तुरीचे दाणे सोलत होती.

"आई. हे म्हणतायत, घरात अलार्म वाजलाय आणि घरातली बाई शब्द सांगायला तयार नाही."

"बरोबर म्हणतायत."

"ते पोलीस पाठवतील."

"मग सांग तू शब्द. तूच ठरवलेला आहेस."

मागं कुठंतरी इमानी आजी आजी म्हणत होती.

"विन्स्टन," तो मोबाईलमध्ये म्हणाला. पलीकडच्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "विन्स्टन. हो, सगळं ठीक आहे. माझी आईच आहे ती."

त्यानं फोन खाली ठेवला. इमानी त्याच्या मांडीवर चढून आजीला दात दाखवायला लागली. चित्र एकदाही अडकलं नाही.

"ईस्टरला ये," टँटी म्हणाली. "पोरीला घेऊन ये. घर बघायला गिऱ्हाईक आणू नकोस, मी त्याला भोपळ्यात घालीन. येताना एक चांगली पक्कड आण, लांब नाकाची, तुझ्या बापाची होती तशी. तिकडे मिळत असेल ना?"

"मिळते," डेक्स्टर म्हणाला. मग नाक पुसून म्हणाला, "पाहतो कुठली चांगली आहे ती."

"पाहू नकोस. आण."

मागं ताटल्यांचा आवाज झाला. ग्लेनरॉय न विचारताच पेलाव वाढून घेत होता, आणि रामलोगन त्याला सांगत होता, की खालची खरवड सगळी एकट्यानं घेऊ नकोस, तुझी ती सवय जुनी आहे. लोखंडी दाराची कडी अजून आतून घातलेली होती. ती काढायची कोणालाच आठवण नव्हती.